पाण्याची टाकी : निवड, बसवणी आणि बदली

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात टाक्यांची खरेदी सुरू होते. दोरीने बांधलेल्या काळ्या-पांढऱ्या टाक्या टेम्पोवर, हातगाडीवर लादून बोळाबोळांतून जाताना दिसू लागतात. आपल्या समाजातील पुष्कळ बांधव या ना त्या नात्याने या धंद्याशी जोडलेले आहेत. कोणाचे हार्डवेअरचे दुकान आहे, कोणी प्लंबर आहे, कोणी वेल्डिंग करून स्टँड बनवतो, कोणी गवंडी आहे, तर कोणी टाकी गच्चीवर चढवून देण्याची हमाली करतो. शिवाय घर आणि तहान तर सर्वांनाच आहे. म्हणून या वेळी व्यापार पानावर आम्ही हा विषय घेतला आहे. विकणारा, बसवणारा आणि घेणारा अशा तिघांच्याही उपयोगाचे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम पाण्याची स्थिती पाहू. सोलापूरचे पाणी प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येते : उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, भीमा नदीवरील टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून. उजनीची जलवाहिनी शंभर किलोमीटरहून लांब आहे. वाटेत कोठे फुटली किंवा वीज गेली की शहरातले पाळीचे वेळापत्रक कोलमडते. गेली कित्येक वर्षे सोलापूरकराला रोज पाणी हा अनुभव नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड नळ येतो. पुण्या-मुंबईच्या घरात टाकी ही काही तासांची सोय असते, आपल्याकडे ती चार दिवसांची शिदोरी आहे. त्यामुळे तिकडचे हिशेब इकडे लावून चालत नाही.

किती लिटरची घ्यावी?

दुकानात आलेला गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेक वेळा "हजारची घ्या" असे उत्तर मिळते. हे उत्तर हिशेब करून द्यावे असे आम्हांस वाटते. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी असे सरकारी प्रमाण आहे. सात माणसांचे घर आणि चार दिवसांचे अंतर धरले तर ७ × १३५ × ४ म्हणजे ३,७८० लिटर होतात. पण काटकसरीने वापरणाऱ्या घरात माणशी ७० लिटरमध्ये निभाव लागतो. मग तोच हिशेब १,९६० लिटरवर येतो.

आता हे सगळे दोन हजार लिटर डोक्यावर चढवायचे काय? मुळीच नाही. मोठा साठा जमिनीत किंवा जमिनीवर हौदात करावा आणि वर फक्त एका दिवसाचे पाणी ठेवावे. सात माणसांना ७० लिटरप्रमाणे रोज ४९० लिटर लागतात, म्हणजे वरची टाकी ५०० लिटरची पुरते. रोज सकाळी मोटार लावून ती भरून घ्यावी. यात छतावरचा भार निम्म्याने कमी होतो, वरचे पाणी रोज बदलते आणि टाकीही स्वस्तात पडते. दुकानदाराला हजाराच्या टाकीत जास्त सुटते हे खरे. पण ज्या गिऱ्हाइकाला आपण विचारपूर्वक पाचशेची दिली, तो हौदाचे झाकण, बॉलकॉक आणि मोटारीचे सामान घ्यायलाही आपल्याकडेच येतो. समांतर जलवाहिनीमुळे पाळीचे अंतर कमी होत गेले तरी हिशेबाची रीत हीच राहील, फक्त दिवसांचा आकडा बदलेल.

भार : सर्वांत महत्त्वाची बाब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, दहा क्विंटल. धान्याची पन्नास किलोची वीस पोती तीन-साडेतीन फुटांच्या गोलात रचून ठेवावीत, इतका हा भार आहे. रिकामी टाकी एकटा माणूस खांद्यावर घेऊन जिना चढतो, म्हणून तिच्या भरलेल्या वजनाचा अंदाज कोणाला येत नाही.

सोलापूरच्या जुन्या पेठांतून अजून माळवदाची घरे उभी आहेत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. कोरड्या मातीचा एक फूट जाड थर दर चौरस फुटाला चाळीस-पंचेचाळीस किलो भरतो. पावसात ती माती पाणी पिते आणि आणखी जड होते. अशा छतावर आधीच इतके ओझे असताना वर टाकी ठेवणे म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. त्यातून ओव्हरफ्लोचे पाणी रोज थोडे थोडे माळवदात मुरत राहिले की तुळईचे भिंतीतले टोक कुजते. हे टोक बाहेरून दिसत नाही. छत बसते तेव्हाच कळते.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की माळवदावर टाकी ठेवू नये, मग गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. अंगणात किंवा बोळाच्या बाजूला जमिनीपासून स्वतंत्र पाया घेऊन लोखंडी अथवा सिमेंटचा मनोरा उभा करावा आणि त्यावर टाकी ठेवावी. खर्च वाढतो, पण घराच्या भिंतीवर एक किलोही भार येत नाही. जागाच नसेल तर खाली हौद आणि हातपंप किंवा लहान मोटार यांवर भागवावे. प्लंबरने अशा ठिकाणी काम नाकारले तर त्याची मजुरी बुडते हे आम्ही जाणतो. तरीही त्याने नाकारावे.

सिमेंटच्या स्लॅबवरही टाकी कोठेही ठेवून चालत नाही. स्लॅबच्या मधोमध ती कधीच नसावी. खाली भिंत किंवा बीम असेल तेथे, शक्यतो जिन्याच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतींच्या कोपऱ्यावर घ्यावी. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालून सळया दिसत असतील किंवा पोपडे पडत असतील, तर टाकी घेण्याआधी इंजिनिअरला दाखवावे. त्याची फी टाकीच्या किमतीपेक्षा कमीच असते.

माळ्यावरची टाकी

फ्लॅटमध्ये संडास-न्हाणीच्या वरच्या पोटमाळ्यावर शंभर ते तीनशे लिटरच्या आडव्या चौकोनी टाक्या बसवतात. ज्यांच्या वाट्याला सामायिक गच्ची येत नाही त्यांना ही सोय बरी पडते. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. पोटमाळ्याची स्लॅब पातळ असते, म्हणून तीनशे लिटरचा, म्हणजे तीनशे किलोचा भार ती पेलेल की नाही हे आधी ठरवावे. दुसरे, टाकीचे झाकण आणि वरचे छत यांत निदान दीड फूट मोकळी जागा हवी. कित्येक घरांत टाकी इतकी घट्ट कोंबलेली असते की झाकण उघडतच नाही, मग ती वर्षानुवर्षे धुतलीही जात नाही. तिसरे, ओव्हरफ्लोचा पाइप न्हाणीघरात सर्वांना दिसेल अशा जागी सोडावा. भिंतीआड सोडला तर बॉलकॉक बिघडल्याचे शेजाऱ्याच्या छताला ओल आल्यावरच समजते.

खरेदीपूर्वी दरवाजा, जिना आणि माळ्याचे तोंड फुटपट्टीने मोजून घ्यावे. टाकी दारातून आत जात नाही म्हणून दुकानात परत आली, असे होऊ नये. दुकानदारानेच गिऱ्हाइकाला आधी विचारले तर भाड्याचा दुहेरी फेरा वाचतो.

कोणत्या मालाची?

पूर्वी घरोघर गॅल्व्हनाइज पत्र्याच्या टाक्या असत. आपले पत्रेकाम करणारे कारागीर पेट्या आणि कोठ्यांबरोबर याही टाक्या बनवीत. पत्रा कापून, रिव्हेट मारून, सांध्याला डाख देऊन टाकी उभी राही. पाणी क्षाराचे असेल तर जस्ताचा थर जाऊन तळाला गंज धरतो आणि बारीक भोके पडतात. ठिगळ लावून अशी टाकी आणखी वर्ष-दोन वर्षे चालवता येते, पण तळ एका जागी गेला म्हणजे बाकीचाही जाण्याच्या मार्गावर असतो. सिमेंटच्या बांधीव टाक्या थंड राहतात आणि टिकतात, मात्र फार जड असतात आणि तडा गेला की गळती शोधणे कठीण. काही जुन्या इमारतींवर ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या राखाडी टाक्या अजून आहेत. त्या काढताना करवतीने कापू नयेत, हातोड्याने फोडू नयेत. तिचे तंतू धुळीबरोबर छातीत गेल्यास गंभीर आजार होतात. टाकी ओली करून, तोंडाला योग्य मास्क लावून, जशीच्या तशी अखंड उतरवावी.

आज बाजार प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिएथिलीनचा आहे. सोलापूरसारख्या कापडगिरण्यांच्या गावाने लक्षात ठेवावे असे या धंद्याचे मूळ आहे. गुजरातेतील कलोल येथील भारत विजय मिल्स ही १९३१ साली निघालेली कापडगिरणी. या गिरणीने १९७५ च्या सुमारास प्लास्टिकच्या वस्तू बनवण्याचा विभाग काढला आणि त्यातून 'सिंटेक्स' टाकी आली. प्लास्टिकची भुकटी साच्यात घालून साचा तापवत फिरवायचा, म्हणजे सांधा नसलेली अखंड टाकी तयार होते. 'सिंटरिंग' आणि 'टेक्स्टाइल' या दोन शब्दांचे ते नाव इतके रुळले की लोक कोणत्याही कंपनीच्या टाकीला सिंटेक्सच म्हणतात. पुढे मूळ कंपनी कर्जात बुडाली आणि २०२३ साली टाक्यांचा व्यवसाय वेलस्पन समूहाकडे गेला. नाव मात्र चालूच राहिले.

चांगली टाकी ओळखण्यासाठी प्रथम आयएसआय चिन्ह पाहावे. अशा टाक्यांचा भारतीय मानक क्रमांक आयएस १२७०१ आहे. चिन्हाखाली कारखान्याचा परवाना क्रमांक असतो, तो 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होतो. आता 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर हा क्रमांक टाकून तो खरा आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. आमच्या दुकानदार बांधवांनी स्वतः तो गिऱ्हाइकाला दाखवावा. दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा याने जास्त विश्वास बसतो.

दुसरी खूण वजनाची. एकाच मापाच्या दोन टाक्यांत जी हलकी ती पातळ. काट्यावर ठेवली की 'थर किती' या वादाचा निकाल लागतो. थरांच्या संख्येला आम्ही फार महत्त्व देत नाही. तीन थर, चार थर ही जाहिरातीची भाषा झाली, एकूण जाडी आणि मालाची जात महत्त्वाची. भंगार प्लास्टिक वितळवून केलेल्या टाकीला बहुधा आत तीव्र वास येतो, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि दोन-चार उन्हाळ्यांत ती ठिसूळ होते. असा माल कोणी विकायला घेतलाच तर निदान पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकू नये.

रंगाचेही कारण आहे. काळ्या रंगातला कार्बन प्लास्टिकला उन्हापासून वाचवतो आणि आत उजेड जाऊ देत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हा काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात घालवत नाही. बाहेरून पांढरी आणि आतून काळी टाकी असेल तर दोन्ही गोष्टी साधतात. जुन्या काळ्या टाकीवर शेतकरी वापरतात तसल्या शेडनेटचे छप्पर घातले तरी बराच फरक पडतो.

बसवणी

प्लास्टिकच्या टाकीचा तळ सर्व बाजूंनी टेकला पाहिजे. लोखंडी स्टँडच्या नुसत्या अँगलवर टाकी ठेवली तर दोन अँगलमधला तळ खाली झुकतो आणि तडकतो. आपल्या भागात शहाबादी फरशी सहज मिळते, पण फरशीही मध्ये आधार नसेल तर भाराने मोडते. अँगल जवळजवळ घ्यावेत, वर जाड पत्रा किंवा सिमेंटचा थर आणि मग फरशी, असे करावे. पाणसळ लावून सपाटी पाहावी. स्टँड उंच असेल तर टाकीला पट्टीने बांधावे, कारण वळवाच्या वाऱ्याला रिकामी टाकी सहज उडते.

भोक पाडण्यासाठी कित्येक कारागीर अजून सळई तापवतात. त्याने भोक वाकडे होते आणि कडेला चीर राहते. होल-सॉ ही फार महाग वस्तू नाही, ती प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत असावी. भोक सपाट जागीच पाडावे. टँक नीपलला आतून-बाहेरून रबरी वॉशर लावून हाताने आवळावे, नंतर पान्याने थोडेच. जास्त आवळले की वॉशर बाहेर सरकते. पाइपचा भार नीपलवर येता कामा नये, पाइप भिंतीला क्लॅम्पने धरावा. बाहेर पडताच व्हॉल्व आणि युनियन घ्यावे, म्हणजे पुढल्या दुरुस्तीला पाइप कापावा लागत नाही.

घरात पाणी नेणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर असावा. खालचा गाळ नळात येत नाही. आणि तळाला गाळ काढण्याचे वेगळे भोक बूच लावून ठेवावे. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा एक माप मोठा घ्यावा, नाहीतर मोटार चालू राहिली तर पाणी झाकणातून उसळते. त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. मोटारीने भरणाऱ्या वरच्या टाकीला बॉलकॉकपेक्षा फ्लोट स्विच चांगला, कारण बॉलकॉक बंद झाला तरी मोटार दाब देतच राहते. बॉलकॉकची जागा खालच्या हौदात, महापालिकेच्या नळावर आहे.

थेट नळालाच मोटार लावण्याची खोड सोडली पाहिजे. तो नियमभंग आहेच, शिवाय मोटार ओढते तेव्हा नळाच्या फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत खेचले जाते. ते आपल्या हौदात येते आणि शेजाऱ्यांच्याही. ज्या प्लंबरला असे काम सांगितले जाते त्याने हे समजावून द्यावे.

बोअरचे पाणी आणि नळाचे पाणी एका टाकीत करू नये. बोअरचे क्षार बॉलकॉकच्या तोंडात आणि गिझरमध्ये बसतात. वापराच्या पाण्याला वेगळी, पिण्याच्या पाण्याला वेगळी, अशा दोन लहान टाक्या एका मोठीपेक्षा बऱ्या.

मशिदीच्या वजूच्या टाकीचे काम घेताना हिशेब निराळा होतो. एका नमाजीला नळावर तीन लिटर धरले तर जुम्याला तीनशे माणसांना ९०० लिटर लागतात, तेही अर्ध्या तासात, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. टाकी हजाराची घेतली आणि बाहेर पडणारा पाइप अर्धा इंची ठेवला, तर शेवटच्या नळाला धार येत नाही आणि दोष टाकीला दिला जातो. येथे मुख्य पाइप सव्वा ते दीड इंची घ्यावा.

केव्हा बदलावी आणि कोणत्या दिवशी?

टाकी बदलण्याआधी ती खरोखर बाद झाली आहे काय हे पाहावे. झाकण हरवले, बॉलकॉक अडला, नीपल गळते, एवढ्यावरून नवी टाकी विकणे आम्हांस पसंत नाही. पत्र्याच्या तळाला तपकिरी भोके, प्लास्टिकच्या भिंतीवर हात फिरवताच पांढरी भुकटी, नीपलभोवती केसासारख्या चिरा, पोट सुटल्यासारखा फुगवटा, ही बदलण्याची लक्षणे आहेत.

दिवस निवडावा तो पाणी येण्याच्या आदल्या दिवसाचा. तेव्हा टाकी रिकामीच असते, पाणी फेकावे लागत नाही. घरच्यांनी दोन पिंपे पाणी बाजूला काढून ठेवावे आणि हौदाच्या नळाला त्या दिवशी हात लावू नये, म्हणजे काम लांबले तरी पाळी चुकत नाही. हौदात उरलेल्या पाण्याने सांधे तपासावेत. दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून, रात्रभर ठेवून, स्टँड आणि सांधे पुन्हा पाहावेत.

नवी टाकी जंतुनाशक पाण्याने भरून ओतून द्यावी असे पुस्तकात सांगतात. सोलापुरात पाचशे लिटर पाणी गटारात सोडणे कोणाला परवडणार? त्याऐवजी दहा लिटरच्या बादलीत दहा ग्रॅम ब्लिचिंग पावडर कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या निवळीने आतून ब्रशने घासावे. अर्ध्या तासाने तीन-चार बादल्यांनी धुऊन ते पाणी तळाच्या बुचातून काढावे.

याच पद्धतीने जुनी टाकी आणि हौदही धुवावा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ही अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी काही महिने जिवंत असतात. नुसते पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत, घासावेच लागते. झाकण घट्ट असेल तर निम्मे काम आधीच झालेले असते. बंद हौदात उतरताना मोटारीचा स्विच नव्हे, मेन बंद करावा, झाकण बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय आत पाय टाकू नये. विजेचा धक्का आणि कोंडलेली हवा या दोन्हींनी हौदात माणसे गेली आहेत.

व्यवहाराबद्दल दोन शब्द

टाकीच्या कामात भांडणे होतात ती बहुधा तोंडी ठरावामुळे. अर्ध्या कागदावर का होईना, लिहून द्यावे : टाकीचे माप व कंपनी, स्टँड कोणाचा, नीपल-व्हॉल्व किती, वर चढवण्याची हमाली धरली आहे काय, जुनी टाकी उतरवून देणार काय. आणि जुन्या टाकीचे भंगार कोणाचे, हे तर आधीच ठरवावे. पत्र्याच्या टाकीच्या भंगाराला चांगली किंमत येते. मालक ती आपली समजतो, कारागीर मजुरीत धरून चालतो, आणि झालेल्या चांगल्या कामाचा शेवट कटकटीत होतो. दुकानदाराने पक्के बिल आणि तारीख-शिक्का मारलेले हमीपत्र द्यावे, कारण शिक्का नसलेले हमीपत्र कंपनी मानत नाही. प्लंबरने टाकीच्या सावलीकडच्या बाजूला रंगाने बसवल्याची तारीख आणि आपला फोन नंबर लिहावा.